नोकरीचा अर्ज कसा लिहावा?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षकाने काही उपयुक्त लिहावे अशी सूचना आली, तेव्हा विषयाचा शोध घेत आम्हांस फार दूर जावे लागले नाही. ट्रस्टने आजवर कितीतरी मुलामुलींना पुस्तके दिली, फी भरली, वसतिगृहाचा खर्च सोसला. ती मुले शिकली व पदविका, पदव्या घेऊन बाहेर पडली. परंतु शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये एक अरुंद साकव असतो व तो ज्याचा त्यालाच ओलांडावा लागतो. तो साकव म्हणजे अर्ज. मुलाचा अनेक वर्षांचा अभ्यास, आईबापांचे कष्ट आणि ट्रस्टचे साहाय्य हे सर्व शेवटी एका पानावर येऊन ठेपते. ते पान वाचणाऱ्या गृहस्थापुढे तशाच पानांचा ढीग पडलेला असतो. पान नीट लिहिता न आल्यामुळे लायक उमेदवारास मुलाखतीचे बोलावणेदेखील येत नाही, असे आम्हां शिक्षकांच्या वारंवार पाहण्यात येते. म्हणून या धड्याचे प्रयोजन.

शब्दातच अर्थ आहे

'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'समोर मांडणे' असा आहे. 'उमेदवार' हा शब्द फारसी. उमेद म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. 'शिफारस', 'दाखला', 'सही', 'तारीख' हे अर्जातील नेहमीचे शब्दही त्याच वाटेने आले, कारण दख्खनच्या कचेऱ्यांतून कित्येक शतके फारसीचा वापर होता. ज्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा तो 'पगार' मात्र आपल्याला पोर्तुगीजांनी दिला!

शब्दांची ही वंशावळ केवळ करमणुकीसाठी दिलेली नाही. 'समोर मांडणे' या अर्थात याचना नाही आणि बढाईही नाही. चांगला कापडदुकानदार गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतो, उजेडात धरतो, हाताला लागू देतो. तो गिऱ्हाइकाच्या पायाही पडत नाही, आणि 'असा माल त्रिभुवनात नाही' असेही ओरडत नाही. अर्ज लिहिणाऱ्याने हाच दुकानदार डोळ्यांपुढे ठेवावा. आपल्याजवळ जे आहे ते, ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापुढे, त्यास दिसेल असे मांडणे, एवढेच अर्जाचे काम.

पूर्वी अर्ज एकच असे व त्यात सर्व माहिती येई. आता बायोडेटा निराळा असतो आणि त्यासोबत एक पत्र जोडतात, ज्यास 'कव्हर लेटर' म्हणतात. आम्ही त्यास 'अर्जपत्र' म्हणू. पुष्कळांचा असा समज आहे की, बायोडेटा हाच खरा व अर्जपत्र हा केवळ शिष्टाचार. हा समज नुकसानकारक आहे. बायोडेटा सांगतो, 'मी काय शिकलो, कोठे होतो.' अर्जपत्र सांगते, 'यातले तुमच्या कामाचे काय.' पहिली यादी असते, दुसरे तिचे निरूपण. बायोडेट्यातील ओळी जशाच्या तशा अर्जपत्रात उतरविल्या, तर वाचणाऱ्याचा वेळ दोनदा गेला एवढेच त्याचे फळ.

एक नेहमीचा अर्ज

आता खालील मजकूर पाहा. तो आम्हीच नमुन्यादाखल रचला आहे, परंतु वाचकांपैकी अनेकांस तो ओळखीचा वाटेल.

'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, आपल्या नामांकित कंपनीत कोणत्याही जागेवर काम करण्यास मी तयार आहे. मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून वडील सतत आजारी असतात. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार करून मला सेवेची एक संधी द्यावी, ही नम्र विनंती. बायोडेटा सोबत जोडला आहे.'

यात खोटे काही नाही, व्याकरणही ठीक आहे. दोष असा की, खालचे नाव झाकले तर हा अर्ज गावातील कोणाही तरुणाचा होऊ शकतो, आणि वरचे नाव झाकले तर तो कोणाही कंपनीस चालू शकतो. 'मेहनती' व 'प्रामाणिक' ही विशेषणे स्वतःस लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. ती दुसऱ्याने लावावयाची असतात, किंवा कृतीवरून दिसावयाची असतात. 'कोणत्याही जागेवर' या शब्दांत लिहिणाऱ्यास नम्रता वाटते, पण वाचणाऱ्यास त्यातून एवढेच कळते की, जाहिरात कोणत्या जागेची आहे हे यांनी नीट पाहिलेले नाही.

घरच्या परिस्थितीविषयी थोडे निराळे लिहिले पाहिजे. गरिबीत लाजण्यासारखे काही नाही. या ट्रस्टच्या दारात ती सांगण्यास कोणीही संकोच करू नये. पण कारखानदार जागा भरतो ती काम अडले म्हणून. गरज सांगण्याची जागा ट्रस्टचे कार्यालय, गुण सांगण्याची जागा अर्ज. ज्याने कॉलेज करून पहाटे घरोघर दूध घातले, त्याने 'परिस्थिती हलाखीची आहे' असे लिहू नये. 'पदवीची तीन वर्षे मी पहाटे दूध घालण्याचे काम केले व त्याचा हिशेब स्वतः ठेवला' असे लिहावे. हकीकत तीच, पण पहिल्या वाक्यात दया मागितली आहे व दुसऱ्यात काम मांडले आहे.

तीन जुनी पत्रे

थोर माणसांनाही एकेकाळी अर्ज करावे लागले. त्यांतील तीन पत्रांकडून आपल्याला तीन नियम शिकता येतात.

पहिले पत्र लिओनार्दो दा विंचीचे. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा यास लिहिलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. लिओनार्दो म्हटले की आपल्याला त्याची चित्रे आठवतात. पण या पत्रात तो आरंभी चित्रांविषयी अवाक्षर काढीत नाही. लुडोविकोपुढे लढायांचे प्रश्न होते, म्हणून लिओनार्दो क्रमांक घालून सांगतो की, मला हलके व वाहून नेता येणारे पूल बांधता येतात, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढता येते, तोफा व झाकलेले रथ तयार करता येतात. त्यानंतर शांततेच्या काळातील इमारती व पाणी नेण्याची कामे येतात, आणि शिल्प व चित्रकला अगदी शेवटी. यांपैकी काही अशक्य वाटत असेल तर आपण सांगाल तेथे करून दाखवितो, असेही तो म्हणतो. नियम पहिला: आपल्याला जे सर्वांत प्रिय ते आधी न लिहिता वाचणाऱ्यास ज्याची गरज ते आधी लिहावे.

दुसरे पत्र मायकेल फॅरडेचे. हा तरुण लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. कॉलेजचे शिक्षण नव्हते. १८१२ साली त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्रे डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह सुवाच्य लिहून काढली, स्वतः बांधली आणि नोकरीच्या विनंतीपत्रासोबत डेव्हींना पाठविली. त्या वेळी जागा नव्हती. परंतु १८१३ मध्ये प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी होताच डेव्हींना या मुलाची आठवण झाली व फॅरडेची नेमणूक झाली. 'मी लक्षपूर्वक ऐकतो, नीटनेटके लिहितो व विज्ञानाची मला ओढ आहे' हे त्या बांधीव वहीनेच सांगितले होते. नियम दुसरा: गुण सांगू नये, गुणाचा पुरावा द्यावा.

तिसरे पत्र आपल्या देशातले. श्रीनिवास रामानुजन यांनी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीतील कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. त्यांचे वय तेव्हा २४ होते आणि त्यांच्यापाशी पदवी नव्हती. एफ. ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. ही गोष्ट त्यांनी अर्जात लपविली नाही आणि तिच्यावर रडतही बसले नाहीत. मॅट्रिक झालो, एफ. ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल कारणांमुळे पुढचे शिक्षण थांबले, असे एका वाक्यात सांगून ते लगेच पुढे जातात: तेव्हापासून सर्व वेळ गणितास दिला आहे, आणि नेमणूक झाल्यास या कामास न्याय देऊ शकेन असा विश्वास आहे. सोबत एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र होते. नोकरी मिळाली, पगार महिना ३० रुपये, आणि १ मार्च १९१२ पासून ते कामावर रुजू झाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९१३ मध्ये, याच कारकुनाने केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र लिहिले व त्यासोबत आपली सूत्रे जोडली. नियम तिसरा: उणीव असेल तर ती एका वाक्यात, सत्य व शांतपणे सांगावी, आणि पुढचे वाक्य त्या काळात काय केले याचे असावे.

हा तिसरा नियम आपल्या मुलींना विशेष उपयोगाचा आहे. आईच्या किंवा वडिलांच्या आजारपणात दोन-तीन वर्षे घरी राहिलेली वाणिज्य पदवीधर मुलगी अर्ज करावयास कचरते. तिने लिहावे, 'वडिलांच्या आजारपणामुळे मी दोन वर्षे नोकरी केली नाही. त्या काळात घरच्या दुकानाची खरेदी-विक्री टॅलीवर चढविणे व जीएसटीचे कागद हिशेबनिसांकडे वेळेवर पोहोचविणे ही कामे मी पाहत होते.' अर्थात हे खरे असेल तरच. मग ते रिकामे वाटणारे वर्षही कामाचे ठरते.

अर्जपत्राची बांधणी

अर्जपत्र एका पानाच्या आत संपावे. त्याचे पाच भाग करावेत.

(१) मायना व विषय. जागा ज्यांच्याकडे आहे त्या अधिकाऱ्याचा हुद्दा, कंपनीचे शुद्ध नाव व पत्ता लिहावा. अधिकाऱ्याचे नाव जाहिरातीत असेल तर त्याची अक्षरे ताडून पाहावीत, आपले नाव चुकीचे लिहिलेले कोणालाच आवडत नाही. 'सा. न. वि. वि.' व 'तीर्थरूप' हे मायने घरच्या पत्रात शोभतात, येथे 'महोदय' किंवा 'महोदया' पुरे. विषयाच्या ओळीत जागेचे नाव व जाहिरातीची तारीख अवश्य द्यावी.

(२) पहिला परिच्छेद. कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि आपण त्या कामास योग्य का, हे दोन वाक्यांत. 'वरील विषयास अनुसरून' या पालुपदाची गरज नाही.

(३) पुरावा. हा अर्जपत्राचा गाभा होय. जाहिरात घेऊन तिच्यातील मागण्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढाव्यात. त्यांपैकी महत्त्वाच्या दोन निवडाव्यात, व प्रत्येकीसमोर आपण प्रत्यक्ष केलेले एक काम लिहावे. कोठे केले, किती केले, त्याचा काय परिणाम झाला, हे सांगावे. शक्य तेथे आकडा द्यावा, पण तो मुलाखतीत कोणी विचारल्यास सांगता येईल असाच.

(४) याच ठिकाणी का. कंपनी काय बनवते, तिचे काम कसे आहे, याची एक खरी गोष्ट शोधून काढावी व तिचा आपल्याशी संबंध सांगावा. 'नामांकित' म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे.

(५) समाप्ती. केव्हा रुजू होऊ शकाल, फोन कोणता, सोबत काय जोडले आहे. मग आभार व सही. शिवछत्रपतींच्या पत्रांत आरंभी शिक्का असे व मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब उमटत असे, म्हणजे पत्राची मर्यादा येथे झाली. 'शिक्कामोर्तब' हा आपला शब्द त्यावरूनच रूढ आहे. अर्ज लिहिणाऱ्यानेही सांगावयाचे संपले की मोर्तब करावी. 'पुनश्च एकवार नम्र विनंती' करीत राहू नये.

नमुना

आपल्या बेळगावात उद्यमबाग व मच्छे भागांत फौंड्री व यंत्रकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. समजा, अशा एका फौंड्रीस ओतीव नग तपासणारा मनुष्य हवा आहे, आणि अर्जदार यांत्रिकी पदविकाधारक असून त्याने एक वर्ष अप्रेंटिसशिप केली आहे. प्रत्यक्षात असे पत्र बहुधा इंग्रजीत जाईल. येथे मराठीत देत आहोत, कारण विचार आधी आपल्या भाषेत बसला पाहिजे.

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कारखान्याचे नाव व पत्ता)

विषय: क्वालिटी इन्स्पेक्टर या जागेसाठी अर्ज (जाहिरात दिनांक ...)

महोदय,

आपल्या जाहिरातीतील क्वालिटी इन्स्पेक्टर या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. मी यांत्रिकी शाखेचा पदविकाधारक असून ओतीव नगांच्या तपासणीचे काम एक वर्ष केले आहे.

अप्रेंटिस असताना व्हर्नियर, मायक्रोमीटर व हाइट गेज यांनी रोज साधारण १२० नग मोजणे आणि त्यांची नोंद ठेवणे हे माझे काम होते. दोन महिन्यांच्या नोंदी जुळवून पाहता एका पॅटर्नच्या नगांत ब्लोहोल इतरांपेक्षा अधिक निघत असल्याचे मला दिसले. तो तक्ता मी पर्यवेक्षकांना दाखविला. त्यांनी त्या पॅटर्नचे व्हेंट सुधारून घेतले व पुढील महिन्यात त्या नगांचे रिजेक्शन कमी झाले. सुधारणा त्यांची होती, नोंदी माझ्या होत्या.

नकाशा वाचून तपासणीचा तक्ता तयार करणे व तो संगणकावर एक्सेलमध्ये ठेवणे मला येते. सीएमएम यंत्रावर मी स्वतंत्रपणे काम केलेले नाही. ते चालविणाऱ्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून होतो.

आपला कारखाना पंपाचे भाग ओततो हे मी आपल्या संकेतस्थळावर वाचले. माझ्या अप्रेंटिसशिपमधील निम्मे काम पंपाच्या केसिंगचेच होते. मला मराठी, कन्नड व हिंदी बोलता, वाचता, लिहिता येतात. इंग्रजी नकाशे व सूचना वाचता येतात आणि साधा पत्रव्यवहार करता येतो.

निवड झाल्यास मी १५ दिवसांत रुजू होऊ शकेन. बायोडेटा व अप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आपण माझा अर्ज वाचलात याबद्दल आभारी आहे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, फोन क्रमांक)

या पत्रातील दोन वाक्यांकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. एक, 'सुधारणा त्यांची होती, नोंदी माझ्या होत्या.' दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्यास देणाऱ्या मनुष्याच्या नोंदवहीवर मालक विश्वास ठेवतो. तपासनिसाच्या कामात तर हाच विश्वास सर्वस्व आहे. दुसरे, सीएमएमविषयीची कबुली. ती वाचून अर्ज कदाचित बाजूला पडेल, हे खरे. पण तिच्यामुळे वरील सर्व वाक्यांना वजन आले. जे येत नाही ते स्पष्ट सांगणाऱ्याचे 'मला येते' हे शब्द खरे मानले जातात.

भाषांची पुंजी

सीमाभागातील तरुणांजवळ एक पुंजी असते आणि तिची किंमत त्यांना स्वतःला ठाऊक नसते. घरी मराठी किंवा उर्दू, बाजारात व कचेरीत कन्नड, प्रवासात हिंदी, शाळेत इंग्रजी, कोणाकडे भरीला कोकणीही. चार भाषांत व्यवहार करू शकणारा मुलगा बायोडेट्याच्या तळाशी केवळ भाषांची नावे लिहून मोकळा होतो. येथल्या कारखान्याचा कच्चा माल एका राज्यातून येतो, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात असते आणि कामगार तिसऱ्या प्रांतातले असतात. विक्री, भांडार, वाहतूक, रुग्णालयाचे स्वागतकक्ष, बँक या सर्व ठिकाणी चौघांशी चार भाषांत बोलणारा मनुष्य मोलाचा ठरतो. तेव्हा हे अर्जपत्रात एका वाक्यात लिहावे. मात्र बोलणे, वाचणे व लिहिणे यांतले कोणत्या भाषेत काय येते ते वेगळे सांगावे. नुसते बोलता येत असताना 'लिहिता येते' असे लिहिले, तर पहिल्याच दिवशी उघडे पडते. ज्यांना कन्नड लिहिता येत नसेल त्यांनी ती शिकून घ्यावी. भाषा शिकल्याने आपली भाषा उणी होत नाही.

काय लिहू नये

जाहिरातीत विचारलेले नसेल तर धर्म, जात, विवाहित की अविवाहित, आईवडिलांचा व्यवसाय हा तपशील अर्जपत्रात घालू नये. सरकारी अर्जात आरक्षणासाठी जे दाखले मागतात ती गोष्ट निराळी. खाजगी नोकरीत नावावरून ज्यांना तर्क करावयाचे ते करतीलच. आपण पत्र असे लिहावे की, वाचणाऱ्याचे डोळे कामाच्या ओळींवरच खिळून राहतील. पगाराची अपेक्षा विचारल्याखेरीज लिहू नये. पूर्वीच्या मालकाची निंदा तर कधीच करू नये. तक्रार खरी असली तरी नवा मालक मनात म्हणतो, 'उद्या माझ्याविषयीही हेच लिहील.' शिफारस करणाऱ्याचे नाव व फोन देण्यापूर्वी त्या गृहस्थांची परवानगी घ्यावी.

पाठविण्याची रीत

आज बहुतेक अर्ज ई-मेलने जातात. विषयाच्या ओळीत जागेचे नाव व आपले नाव लिहावे. अर्जपत्राचा मजकूर ई-मेलमध्येच लिहावा आणि बायोडेटा पीडीएफ करून जोडावा. त्या फाइलला आपले नाव द्यावे, नाहीतर वाचणाऱ्याकडे 'बायोडेटा' नावाच्या शंभर फाइली गोळा होतात. ई-मेलचा पत्ता साधा, आपल्या नावाचा असावा. मित्रांत गंमत म्हणून घेतलेला पत्ता येथे नको. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा संगणकच अर्जांची पहिली चाळणी लावतो आणि जाहिरातीतील शब्द अर्जात आहेत की नाहीत ते पाहतो. म्हणून जे कौशल्य आपल्याला खरोखर येते, त्याचे नाव जाहिरातीत ज्या शब्दाने दिले असेल त्याच शब्दाने लिहावे. आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास दोन ओळींची सभ्य आठवण करण्यास हरकत नाही.

सरकारी जागांसाठी ठरावीक नमुना किंवा संकेतस्थळावरील अर्जच भरावा लागतो. तेथे अर्जपत्रास वाव नसतो. तेथे सूचना दोनदा वाचणे, नाव व जन्मतारीख दाखल्याप्रमाणे लिहिणे आणि शेवटच्या तारखेच्या आधीच अर्ज करणे, हेच कौशल्य.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणात पत्र लिहून मिळते. त्याचा उपयोग शुद्धलेखन तपासण्यास किंवा इंग्रजी वाक्य सुधारण्यास अवश्य करावा. पण तुम्ही मोजलेल्या नगांची व सांभाळलेल्या हिशेबाची माहिती त्या यंत्रास नाही. ती तुम्ही न दिल्यास ते गुळगुळीत, कोणासही लागू पडेल असे पत्र देते. म्हणजे तो जुना 'मेहनती व होतकरू' अर्जच नवे कपडे घालून येतो. शिवाय मुलाखतीला यंत्र येत नाही, तुम्हालाच जावे लागते.

एक इशारा पालकांसाठी. नोकरी देतो म्हणून अनामत रक्कम, प्रशिक्षण फी किंवा नोंदणीचे पैसे मागणारा निरोप आला, तर तो फसवणुकीचा समजून थांबावे व जाणत्या माणसास दाखवावा. कंपनीचा फोन क्रमांक त्या निरोपातून न घेता स्वतंत्रपणे शोधून चौकशी करावी. पहिल्या अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, बँकेचा तपशील पाठवू नये आणि ओटीपी तर कोणासही, केव्हाही सांगू नये. फसवणूक झाल्यास सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

अभ्यास

(१) आपण केलेल्या पाच कामांची यादी करा. त्यात घरची, शेतीची, दुकानाची व गणेशोत्सव किंवा उरूस यांतील व्यवस्थेची कामेही धरा. प्रत्येकासमोर 'किती' व 'काय परिणाम' लिहा.

(२) एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यातील मागण्यांखाली रेघा ओढून त्यांपैकी दोन मागण्यांसमोर वरील यादीतील कामे जोडा.

(३) अर्जपत्र लिहून त्यातील 'मेहनती', 'प्रामाणिक', 'होतकरू', 'नामांकित' हे शब्द खोडा. खोडल्यावर जे उरते तेच तुमचे पत्र. काहीच न उरल्यास पहिल्या अभ्यासाकडे परत जा.

(४) पत्र मोठ्याने वाचा, आणि ते काम न जाणणाऱ्या घरातील वडील माणसास ऐकवा. त्यांना कळले नाही ते वाक्य पुन्हा लिहा.

शेवटी विश्वस्त मंडळास एक सूचना करावीशी वाटते. ट्रस्टच्या कार्यालयात महिन्यातून एक सायंकाळ अर्जवाचनासाठी ठेवावी. मुलांनी आपले अर्ज घेऊन यावे. सभासदांपैकी जे कारखान्यांत, बँकांत, रुग्णालयांत अधिकारपदावर आहेत, त्यांनी ते मालकाच्या नजरेने वाचावेत व दोष सांगावेत. आम्ही शिक्षक मंडळी भाषेचे पाहू. यास टेबल, चार खुर्च्या व दिवा यांपलीकडे खर्च नाही. ज्या मुलाची फी आपण भरली, त्याचे शेवटचे पान वाचावयासही आपणच बसावे, हे न्यायाचे होईल.